बिनधुराची शेगडी

परवीनबी कुठल्याही घरात शिरली की आधी खिडक्या बघायची. चपला दाराबाहेर, बुरखा खुंटीला, आणि ती थेट बाळंतिणीच्या खोलीत. हात उंच करून काचेच्या कडेला तळवा धरायची. तळव्याला जरा गार लागलं की म्हणायची, "इथून येतोय." मग घरातली एखादी जुनी ओढणी किंवा टॉवेल शोधला जायचा आणि ती फट बुजायची. त्यानंतर ती बाळाकडे बघायची.

माझ्या मुलीच्या बाळंतपणात मी तिला पहिल्यांदा पाहिलं. आमच्या बिबवेवाडीत तेव्हा इतक्या इमारती नव्हत्या, पण तिला ओळखत नाही असं घर तेव्हाही क्वचित होतं. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं आणि मग शेक देणं हा तिचा व्यवसाय. सासूने शिकवलेला. सासू भवानी पेठेत हेच काम करायची, आणि नवरा, कादरभाई, शिंपी. कादरभाई गेले, माझे यजमानही गेले, आणि त्यानंतर परवीनबी दर रविवारी दुपारी माझ्या गुडघ्यांना तेल लावायला येऊ लागली. गुडघे निमित्त होते. दोघींनाही रविवारची दुपार जड जायची. तिचं बोलणं मी रात्री रोजनिशीत लिहून ठेवते, त्यामुळे इथली तिची वाक्यं बरीचशी तिचीच आहेत.

तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता मोठी झाली आहेत. आमच्या कोपऱ्यावरचा सौरभ मोटरसायकलवरून बिनहेल्मेटचा सुसाट गेला की ती रस्त्यात थांबून त्याच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "डोकं मी गोल करून दिलंय, फोडायला नाही दिलेलं." सौरभ पुढच्या वेळी तिला पाहून हळू जायचा. हेल्मेट मात्र घालायचा नाही.

शेक देण्याची तिची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीत आहे. लोखंडी शेगडीत कोळसे घालून ती गॅलरीत पेटवायची. सुपाने वारा घालायची. कोळसे धूर सोडत असतील तोवर शेगडी उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा तिचा कायदा. घरातलं कुणी घाई केली तर ती सूप बाजूला ठेवून शांतपणे म्हणायची, "तुम्हाला उशीर होत असेल तर तुम्ही जा. कोळशाला घाई नाही." सगळे निखारे लाल होऊन त्यांच्यावर राखेचा पातळ पापुद्रा आला, धुराची रेघही उरली नाही, की मग ती शेगडी आत न्यायची आणि बाजेखाली ठेवायची. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीची सालं निखाऱ्यांवर भुरभुरायची. बाळाला क्षणभर ऊब दाखवून बाहेर पाठवायची, कारण त्या वासाने बाळ शिंकायचं. बाळंतीण वर चादर घेऊन पडायची, दार बंद, खिडकी बंद, आणि घामाने निथळून तिला तिथेच झोप लागायची. बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला तर म्हातारपणी हाडं दुखतात, हे परवीनबीला सासूने सांगितलं होतं आणि आम्हा सगळ्यांना आमच्या आयांनी.

कोळसा पेटवण्यात तिची इतकी काळजी होती, की धूर नाही म्हणजे धोका नाही, याबद्दल तिच्या मनात कधी शंकाच आली नाही. कुणाच्याच आली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दवाखान्यातली एक नर्स, कौशल्या, घरच्या आरोग्याबद्दल बोलायला आली होती. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका, औषधं मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका, गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात नको. अध्यक्षांनी मध्येच दोनदा घड्याळ पाहिलं. मग ती म्हणाली, बाळंतिणीची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, जळत्या कोळशातून एक वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, तो दिसत नाही.

परवीनबी पहिल्या रांगेत बसली होती. "वास नाही, रंग नाही, दिसत नाही," ती म्हणाली. "मग तुमची त्याची गाठ कुठे पडली?"

हॉल हसला. कौशल्याही हसली, ती नवी होती आणि तिला हॉल आपल्या बाजूला ठेवायचा होता. तिने पुन्हा समजावून पाहिलं. परवीनबी मान डोलवत ऐकत राहिली आणि बाहेर पडताना मला म्हणाली, पोरगी चांगली आहे, हिचं बाळंतपण होईल तेव्हा मीच जाईन.

शेफालीच्या घरी ती गेली तो हिवाळा कडक होता. रविराजच्या घराण्याची इथे पूर्वी शेती होती. आता त्याच जमिनीवर त्यांची स्वतःची इमारत आहे आणि वरचा मजला घरच्यांसाठी. शेफाली रविराजची बायको, पहिलटकरीण, बँकेत नोकरीला. घरात शब्द चालायचा तो रविराजच्या आजीचा, तुळजाबाईंचा. सगळं रीतीने झालं पाहिजे म्हणून त्यांनी माळ्यावरची विणलेली बाज खाली काढायला लावली, कारण पेटीच्या पलंगाखाली शेगडी जात नाही. खोली एसीची. सरकत्या काचा, त्यांना रबराची पट्टी, दार फ्रेममध्ये अगदी घट्ट. परवीनबीने काचेजवळ तळवा धरला आणि तिला पहिल्यांदाच काही लागलं नाही. तिला ती खोली फार आवडली. मला म्हणाली, बाई, कुठे वारा म्हणून नाही.

शेफालीचं डोकं दुखू लागलं. शेक घेतला की दुखायचं, दुपारी दिवाणखान्यात येऊन बसलं की उतरायचं. तिने ते सांगितलंही. तुळजाबाई म्हणाल्या, "डोस्क्यात वारा शिरलाय. शेक वाढवा." परवीनबीने दाराच्या खालच्या फटीतही टॉवेल लावला.

त्या दिवशी बाळाला बाहेर तुळजाबाईंच्या मांडीवर देऊन परवीनबी त्यांच्याशी बोलत बसली. शेफाली आत झोपली होती. बाळाने रात्रभर जागवलेली पोर, तिला कोण उठवणार? परवीनबीने मध्ये एकदा दार किलकिलं करून पाहिलं. शेफालीचे गाल गुलाबी झाले होते. काय रंग आलाय, असं मनात म्हणून तिने दार अलगद ओढून घेतलं.

रविराज जेवायला घरी आला तेव्हा ती उठेना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, खोलीत काय पेटवलं होतं. घरचे एकमेकांकडे बघू लागले. परवीनबी पुढे होऊन म्हणाली, शेगडी, मी ठेवली, पण धूर नव्हता, मी धूर राहू देत नाही. डॉक्टरांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. लाल निखाऱ्यातूनच तो वायू निघतो. बंद खोलीत साठतो, रक्तात जातो, आणि माणूस झोपलेला असेल तर त्याला कळतही नाही. डोकं दुखणं, मळमळ, मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटणं, ही त्याचीच खूण.

त्या रविवारी ती आली, पण तेलाची बाटली पिशवीतून काढली नाही.

"बाई, धूर असता तर ती खोकली असती," ती म्हणाली. "डोळे चोळत उठली असती. मी धूर काढून टाकला."

शेफाली वाचली. तिला घरी आणल्यावर परवीनबी भेटायला गेली, मीही बरोबर गेले. शेफालीने हसून स्वागत केलं, चहाला किती साखर म्हणून विचारलं आणि स्वयंपाकघरात गेली. जरा वेळाने बाहेर येऊन साखर किती विचारलं. मग पुन्हा आली. तिसऱ्या वेळी रविराज उठला आणि तिला धरून आत घेऊन गेला. बँकेची नोकरी सुटली होती. बाळ तुळजाबाईच सांभाळत होत्या.

त्या घरात परवीनबीला कुणी दोष दिला नाही. तुळजाबाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुजा काय दोष न्हाय. पोरीचं नशीब तसं हाय." आणि धाकट्या नातसुनेलाही दिवस गेले आहेत, तेव्हा तूच यायचंस, बाज खालीच ठेवली आहे. जिना उतरताना परवीनबी कठड्याला धरून थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांना कळलंय असं तरी वाटलं असतं.

त्यानंतर तिने शेगडी सोडली. ज्या घरी बोलावतील तिथे जाऊन सांगायची, तेल लावीन, न्हाऊ घालीन, गरम पाण्याची पिशवी देईन, पण कोळसा नाही, आणि खिडकी हातभर उघडी. आता खोलीत शिरल्यावर ती तळवा धरायची तो वारा येतोय ना हे बघायला. लोकांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या बाईला बोलावलं. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, "खिडकीच उघडी ठेवायची तर मावशी कशाला? वाऱ्यालाच सांगू की मालिश कर म्हणून." कुणी म्हणालं, शेफालीच्या प्रकारानंतर तिच्या हाताला गुण राहिला नाही. खोली तीच, शेगडी तीच, फक्त हात बदलला की झालं. तुळजाबाईंच्या धाकट्या नातसुनेला त्याच बाजेवर, त्याच खोलीत दुसऱ्या बाईने शेक दिला. तिला काही झालं नाही. तिला एसीचा वास आवडत नसे म्हणून ती रात्री काच किंचित सरकवून ठेवायची आणि सकाळी कुणाच्या ते लक्षात यायचं नाही. हे परवीनबीला नंतर तिनेच सांगितलं. घरात मात्र ठरलं की शेगडीत काही वाईट नव्हतं.

मी कॉन्व्हेंट शाळेत होते तेव्हा आमच्या सिस्टर हिवाळ्यातही वर्गाच्या वरच्या झडपा उघड्या ठेवायला लावत. आम्ही स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून कुरकुरत असू. हवा खेळती राहण्याचं कारण त्या दर वर्षी समजावत आणि दर वर्षी कुणीतरी मुलगी उठून झडप लावून टाकी. उघड्या खिडकीची थंडी लगेच अंगाला लागते. बंद खिडकीने काय झालं, ते बहुतेक वेळा कळतच नाही.

आता मिसबाचं सांगते. मिसबा ही परवीनबीची एकुलती मुलगी, विश्रांतवाडीला दिलेली. नवरा नबील एका कंपनीत हिशेबनीस आहे, शांत, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याची आई नाजिमा. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं, शेफालीच्या प्रकाराच्या आधी. परवीनबीने पूर्ण छिल्ला, म्हणजे चाळीस दिवस, स्वतःच्या मुलीला स्वतःच्या हाताने शेक दिला होता. नाजिमा अधूनमधून येऊन शेजारी बसायची, कोळसे कसे पेटवायचे, फटीत कापूस कसा भरायचा, सगळं बघायची. जाताना सगळ्यांसमोर म्हणाली होती की असे हात पुण्यात दुसरे नाहीत. परवीनबीला त्या शब्दांचा फार आनंद झाला होता. तिने ते मला कितीतरी वेळा सांगितलं होतं.

दुसरं बाळंतपण सासरी. थोरल्याची शाळा विश्रांतवाडीची, त्याला सोडून यायचं कसं? परवीनबीने विनवून पाहिलं, नाजिमाने गोड बोलून नाही म्हटलं. मुलगी झाली, सगळं सुखरूप झालं, आणि परवीनबी दोन बस बदलून रोज तिकडे जाऊ लागली. तिला एवढंच हवं होतं: मिसबाच्या खोलीची खिडकी उघडी राहावी. दुसरं काही तिने त्या दिवसांत मागितलं असेल तर मला माहीत नाही. देवाकडेही तेच मागत असावी.

नाजिमाने शेगडी स्वतः पेटवली होती. गॅलरीत, सुपाने वारा घालून, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबून. अगदी परवीनबीसारखी. परवीनबीने खिडकी उघडली, नाजिमाने लावली. परवीनबीने शेफालीची हकिकत सांगितली, डॉक्टरांचे शब्द सांगितले. त्यांच्या घरात बोली वेगळी आहे, मी आपल्या मराठीत लिहिते.

"विहीणबाई," नाजिमा म्हणाली, "पहिल्या वेळी याच मुलीच्या खोलीत तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत फटीत कापूस भरत होतात. मी तुमच्याकडूनच शिकले."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"दुसऱ्यांच्या लेकींना शेक देऊन तुमचं घर चाललं. तेव्हा शेक चांगला होता. आता माझ्या घरात आला तर वाईट?" आणि मग आवाज खाली आणून, खरंच समजून घ्यायचं आहे अशा सुरात तिने विचारलं, "एकीला झालं, मान्य. पण तुमच्या हाताखालून गेलेल्या बाकी सगळ्या? चालत्या-बोलत्या आहेत ना?"

परवीनबीने बाळाचं दुपटं सारखं केलं. मला सांगताना म्हणाली, काय बोलणार बाई, आहेत ना सगळ्या. मी तिला म्हटलं, त्या घरांना कौलं होती, पत्रे होते, दारांना बोट जाईल एवढ्या फटी होत्या. तू एक फट बुजवायचीस तेव्हा चार उरायच्या. तिने ते पाठ करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नाजिमाला सांगितलं. नाजिमा म्हणाली, म्हणजे आमचं घर पक्कं बांधलं हीच चूक म्हणायची.

परवीनबीच्या सांगण्यावरून मीही नाजिमाला फोन केला. ती फार अदबीने बोलली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या बाळंतपणात तुम्ही शेक घेतला होता का? मी हो म्हटलं. "मग?" ती म्हणाली, आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. कौशल्याने तिच्या ओळखीच्या विश्रांतवाडीच्या नर्सला त्यांच्या घरी पाठवलं. नाजिमाने तिला सरबत दिलं, बाळाचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं, खोलीही दाखवली. खिडकी उघडी होती, शेगडी गॅलरीत होती. नर्स जाईपर्यंत तशीच राहिली.

मग एका रात्री मिसबाने फोनवर सांगितलं की शेक घेतला की डोकं ठणकतं, पोटात ढवळतं, आणि गॅलरीत उभं राहिलं की बरं वाटतं. सासूबाई म्हणतात वारा लागलाय, शेक वाढवायला हवा.

परवीनबी पहिल्या बसने गेली. दार नबीलने उघडलं. ती कुणाशी न बोलता आत गेली, पदराने शेगडीचा कान धरून ती बाजेखालून ओढली, न्हाणीघरात नेली आणि तिच्यावर बादली रिकामी केली. वाफेचा लोट उठला, राख भिंतीवर उडाली, तिचा हात पोळला. बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव असा विझवणं म्हणजे किती अशुभ, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनेच ते घरोघरी सांगितलं होतं. नाजिमा दारात उभी राहून रडू लागली. भांडली असती तर निभावलं असतं, पण ती रडली, आणि तिचं ते रडणं खरं होतं. नातीचं आणि सुनेचं वाईट होईल, ही तिची भीती होती. दोघी आज्या एकाच बाळाच्या आईसाठी घाबरल्या होत्या.

नबीलने परवीनबीच्या हाताला मलम लावलं, पाणी दिलं आणि खाली मान घालून म्हणाला, "अम्मी, आता छिल्ला झाल्यावरच या. घरात शांतता हवी."

परवीनबीने मिसबाकडे पाहिलं. मिसबा बाळाला छातीशी धरून उभी होती. "तुम्हीच म्हणायच्या ना, अम्मी," ती म्हणाली, "बाळंतिणीने हट्ट करायचा नाही, सांगतील तसं वागायचं."

त्यानंतर फोन उरला. परवीनबी सकाळी विचारायची, खिडकी उघडी आहे ना? मिसबा म्हणायची, हो. एका रविवारी माझ्याकडे असताना तिने व्हिडिओ कॉल लावला. मिसबाने बाळ दाखवलं, थोरल्याने काढलेलं चित्र दाखवलं. परवीनबीने खिडकी दाखवायला सांगितली तर फोन तिकडे फिरला. पडदा ओढलेला होता, मागे उजेड होता. मिसबा म्हणाली, उघडीच आहे. परवीनबी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "हलत नव्हता."

मी म्हटलं, वारा पडला असेल. माझ्या खिडकीचा पडदा तेव्हा फडफडत होता.

छिल्ला संपला. नाजिमाने मोठ्या मनाने आमंत्रण पाठवलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, बिर्याणी होती, बाळाने कपाळभर काजळाचा ठिपका मिरवला. मिसबा नवी ओढणी घेऊन बसली होती, जरा फिकट, पण हिंडती-फिरती. नाजिमाने परवीनबीला मिठी मारली, झालं गेलं विसरून जाऊ म्हणाली आणि बायकांकडे वळून विचारलं, "बघा, काही झालं?" बायकांनी मिसबाकडे पाहिलं आणि हसून माना हलवल्या. परवीनबीही हसली. तिने मला सांगितलं, माझ्याइतकं खूश त्या खोलीत कुणी नव्हतं बाई. मी खोटी ठरले होते आणि मला नाचावंसं वाटत होतं.

जेवण झाल्यावर मिसबा तिच्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, बसने आलात की रिक्षाने? परवीनबी म्हणाली, बसने. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मिसबाने विचारलं, अम्मी, बसने आलात की रिक्षाने? शेजारची बाई हसून म्हणाली, बाळंतपणात डोकं बाळाकडे जातं, माझंही असंच झालं होतं. सगळ्यांनी आपापले विसराळूपणाचे किस्से सांगितले. आतून जळका वास आला. मिसबाने दूध गॅसवर ठेवलं होतं.

परवीनबीला किस्से ऐकू येत नव्हते. शेफालीच्या घरातला चहा तिच्यासमोर उभा होता.

तिने नबीलला बाजूला घेऊन सांगितलं, हिला डॉक्टरला दाखव, आणि शेगडीचं सांग. नबील खरोखरच घेऊन गेला. बरोबर नाजिमा होती. डॉक्टरांनी झोप होते का विचारलं, रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. शेगडीचं कुणी बोललं नाही. नबील फोनवर म्हणाला, त्यांनी विचारलंच नाही अम्मी. मग परवीनबी स्वतः मिसबाला शेफालीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि काय शक्य आहे ते सांगितलं. कुणाकुणाचं भरून येतं, महिने लागतात. कुणाचं येत नाही. त्यावर अमुक एक औषध असं नाही. घरी नाजिमाने मात्र ठरवलं आहे की विझवलेल्या विस्तवाची बाधा झाली. ती हे परवीनबीला तोंडावर म्हणत नाही, तेवढी सभ्यता तिच्यात आहे.

परवा रविवारी परवीनबी माझ्या गुडघ्याला तेल लावत होती. तिच्या तळव्यावरचा पोळल्याचा डाग आता पांढरा पडला आहे. आमच्या समोरच्या इमारतीत सोनाली बाळंत झाली आहे, तिला नवी बाई येते. परवीनबी त्यांच्याकडे दोनदा जाऊन आली. दुसऱ्या वेळी सोनालीच्या सासऱ्यांनी दारातूनच सांगितलं की आमच्या घरात सगळे शिकलेले आहेत, आम्ही काळजी घेऊ. त्यांच्या गॅलरीत शेगडी पेटली होती. बाई सुपाने वारा घालत होती. धूर आधी दाट होता, मग विरळ झाला, मग उरलाच नाही. बाईने शेगडी उचलून आत नेली. आम्ही दोघी बघत होतो. काच सरकत जाऊन बंद झाली.

परवीनबीचा फोन वाजला. मिसबाचा होता. अम्मी, बाळाला बघायला कधी येणार, कितीतरी दिवस आला नाहीत.

"काल आले होते ना बेटा," परवीनबी म्हणाली. "तुझ्या हातची खीर खाल्ली."

मग मिसबा हसली आणि म्हणाली, हो की, विसरलेच.

परवीनबीने पुन्हा गुडघा हातात घेतला. तेल गार झालं होतं, तिने ते तळव्यांत चोळून गरम केलं. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. तिने नाव पाहिलं, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. परवीनबी ऐकत होती, समोरच्या बंद काचेकडे बघत.

"उद्या येते, बेटा," ती म्हणाली. "उद्या नक्की येते."